वाटणीआधी मूल्यांकनकार बोलवावा का?

कलमवाला, देवगड
आमचं सामाईक आहे. जुनं घर, दीड एकर हापूसची बाग, रस्त्यालगत सहा गुंठे, बाकी सडा, म्हणजे कातळाचा माळ. चुलते म्हणतात, क्षेत्र मोजून तीन वाटे पाडू. लागत्या कलमांचा गुंठा आणि सड्यावरचा गुंठा एकाच मापाने कसा मोजायचा? नोंदणीकृत मूल्यांकनकार बोलवावा, फी तिघांनी भरावी, असं माझं ठाम मत आहे.

मांगरवाला
माझा विरोध. आमच्याकडे आलेल्याने चहा घेतला, चार फोटो काढले आणि रेडी रेकनरचा दर क्षेत्राने गुणून अहवाल दिला. एकाही कलमाचं वय विचारलं नाही. शिवाय ज्याने बोलावलं त्याच्याच सोयीचा आकडा निघाला. आजोबांच्या वेळी गावातल्या जाणत्यांनी वाटे पाडले, पोरांनी चिठ्ठ्या उचलल्या. कोणी कोर्टात गेलं नाही.

कलमवाला, देवगड
मग तो माणूस चुकला, काम चुकीचं नाही. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला विभागवार दर. बागेची किंमत काढताना झाडांचं वय, गेल्या काही हंगामांचं उत्पन्न, खत-फवारणी-राखणीचा खर्च बघावा लागतो. सातबाऱ्यावर कूळ आहे का, बागेत जायची वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हेही.

माहेरवाशीण
तीन वाटे म्हणता, त्यात बहिणी धरल्यात का? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली तेव्हा किंमत किती, हे कोणी सांगितलं नाही. पुढे रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला तेव्हा कळलं. तेव्हा जाणते कुठे होते?

मुंबईकर चाकरमानी
एक अहवाल सगळीकडे चालेल असं मात्र समजू नका. 1 एप्रिल 2001 आधी घेतलेली जमीन विकलीत तर भांडवली नफा काढताना मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, म्हणजे अहवालही त्या तारखेचा लागतो. कर्जाला बँक आपल्या यादीतला माणूस पाठवते आणि घाईत विकावं लागलं तर काय येईल, तेही बघते. वाटणीसाठी आजचा बाजारभाव हवा. कशासाठी आणि कोणत्या तारखेची किंमत, हे आधी लेखी द्या.

मांगरवाला
ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बोलवा मूल्यांकनकार. पण कलमं मोजताना प्रत्येक घरातलं एक माणूस बागेत हजर पाहिजे, बहिणींकडचंही. आणि वाटे पडले की चिठ्ठ्याच टाका, ते मी सोडणार नाही.