सांधलेलं मांडीचं हाड हा माणूसपणाचा पुरावा धरता येतो का?

खडूफळा

शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी ‘माणूस म्हणजे नेमकं कोण’ या विषयावर भित्तिफलकांचं छोटं प्रदर्शन करायचं आहे. दोन पायांवर चालणं, हात आणि हत्यारं, मेंदू, भाषा हे फलक तयार आहेत. शेवटचा फलक ‘एकमेकांची काळजी’ असा आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

त्या फलकावर मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांच्या नावावर फिरणारी गोष्ट घालायचा विचार होता. विद्यार्थ्यानं विचारलं, संस्कृतीची पहिली खूण कोणती? मीड म्हणाल्या, मोडून पुन्हा सांधलेलं मांडीचं हाड. कारण जंगलात मांडी मोडलेला प्राणी जगत नाही, हाड सांधलं म्हणजे कुणीतरी त्या माणसाजवळ थांबलं, त्याला खाऊ घातलं.

विचारायचं ते असं:
१. ही गोष्ट खरी आहे का?
२. सांधलेल्या हाडावरून ‘कुणीतरी काळजी घेतली’ असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येतं का?
३. येत नसेल तर त्या जागी कोणते अवशेष दाखवावेत?

‘भावना चांगली आहे, टाका बिनधास्त’ हे उत्तर कृपया नको. मुलं पुढचे प्रश्न विचारतात.

---

अस्थिवाचक

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. मीड यांच्या स्वतःच्या लेखनात ही गोष्ट सापडत नाही. त्या १९७८ मध्ये वारल्या. शल्यविशारद पॉल ब्रँड यांच्या १९८० च्या पुस्तकात ती येते आणि तिथून पुढे पसरली. फलकावर मीड यांचं नाव घालू नका.

आता हाड. मांडीचं हाड मधोमध मोडलं की आतल्या आत लिटरभर किंवा थोडं जास्तच रक्त जातं. त्यातून जगला तर पहिल्या काही दिवसांत रक्ताची गाठ आणि सूज, दोन-तीन आठवड्यांत मऊ कॅलस (मोडक्या टोकांना जोडणारी गाठ), त्यानंतर त्यात कच्चं, जाळीदार हाड भरू लागतं. प्रौढ माणसाला त्या पायावर पूर्ण भार द्यायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. मूल असेल तर काही आठवड्यांतच जुळतं. म्हणून व्यक्ती कितव्या वर्षी पडली, हे ठरवल्याशिवाय ‘इतके महिने पडून होती’ असं म्हणता येत नाही. बालपणीचा अस्थिभंग पुढच्या वाढीत इतका गुळगुळीत होतो की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

अशा हाडाकडे बघताना क्रम असा ठेवतात:

आधी हाड जिवंतपणी मोडलं की नंतर, हे ठरवायचं. मातीत पडून वाळलेलं हाड मोडलं तर कड खडबडीत, बहुधा काटकोनात, आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा उजळ असतो. मृत्यूच्या सुमाराला मोडलेल्या ताज्या हाडाची कड गुळगुळीत, तिरकी आणि बाकी हाडाच्याच रंगाची असते. दहापट भिंगाखाली कडेवर कच्च्या हाडाचा बारीकसा थर जरी दिसला तरी व्यक्ती मोडल्यानंतर निदान आठवडा-दोन आठवडे जगली असं धरतात.

मग डावं-उजवं हाड शेजारी ठेवून लांबी मोजायची. ताण न देता सोडलेल्या मांडीत स्नायू मोडकी टोकं एकमेकांवर ओढतात, हाड तसंच जुळतं आणि पाय काही सेंटिमीटर आखूड होतो. लांबी जवळपास सारखी आणि हाड सरळ असेल तर मात्र थांबून विचार करावा लागतो: पाय कुणी ओढून बांधून ठेवला होता, की टोकं सुटलीच नव्हती? दोन दिशांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रांशिवाय याचं उत्तर देऊ नये. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूनं वाकडं निघतं.

तिसरं म्हणजे नंतरचा वापर. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यावर हाडावर हाड घासून काचेसारखी चकाकी आली असेल, तर ती व्यक्ती वाकड्या पायानं का होईना पुष्कळ वर्षं चालली. हाडाची भिंत दुसऱ्या बाजूपेक्षा पातळ असेल तर पाय वापरात नव्हता. आणि हाडाला पू वाहून जाण्याची भोकं असतील तर जखम उघडी होती, तिच्यात जंतू शिरले आणि तरीही माणूस तगला.

एवढं सगळं करून हातात काय येतं? ‘ही व्यक्ती अमुक काळ जगली.’ काळजीचं त्यात अजून काहीच आलेलं नाही.

---

रानवाट

गोष्टीतलं ‘जंगलात मांडी मोडलेला प्राणी जगत नाही’ हे वाक्यच चूक आहे. जंगली प्राण्यांची मोडलेली हाडं सांधतात, आणि भरपूर सांधतात. वानरांचे अभ्यासक अॅडॉल्फ शुल्त्झ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जंगली गिबनांचे सांगाडे तपासले तेव्हा जुळलेले अस्थिभंग फार मोठ्या प्रमाणात मिळाले, मांडीच्या हाडांचेसुद्धा. उंच झाडांवर झोके घेत जगणारा प्राणी पडणारच. पडलेल्या गिबनाला कुणी घास भरवत नाही. तो उरलेल्या तीन अवयवांवर भागवतो.

फासात अडकून पंजा गमावलेले चिंपांझीही वर्षानुवर्षं जगतात. जपानच्या आवाजी बेटावरची जन्मतः हात-पाय अधू असलेली माकडं हालचालीची पद्धत बदलून घेतात.

उलट बाजूनं, काळजी फक्त माणूसच घेतो हेही खरं नाही. टांझानियातल्या महाले इथं २०११ मध्ये जन्मलेलं चिंपांझीचं एक अपंग पिल्लू जवळजवळ दोन वर्षं जगलं. त्याला आईच्या पोटाला नीट धरून राहता येत नव्हतं, म्हणून आई एका हातानं त्याला आधार देऊन फिरायची. थोरली बहीणही सांभाळायची. नात्याबाहेरच्यांच्या हाती मात्र आईनं ते दिलं नाही.

तुमचा पहिला आणि शेवटचा फलक इथं जोडता येईल. चार पायांच्या प्राण्याचा एक पाय गेला तर तीन उरतात. दोन पायांवर चालणाऱ्याचा एक गेला की तो जागीच बसतो. मांडी मोडणं माणसाला इतकं महाग पडतं ते त्याच्या चालण्यामुळं. तरीही काठी घेऊन किंवा बसून सरकत पाण्यापर्यंत जाणारा माणूस अशक्य नाही, म्हणून नुसत्या मांडीवर भिस्त ठेवू नका.

---

शुश्रूषा

काळजी सिद्ध करायची तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: या व्यक्तीला रोज कोणती कामं स्वतः करता येत नव्हती, आणि ती दुसऱ्या कुणी केली नसती तर ती किती दिवस जगली असती? पुरातत्त्व अभ्यासक लॉर्ना टिली यांनी यासाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली आहे. आधी सांगाडा, निदान आणि त्या वस्तीचं राहणीमान यांची नोंद. मग त्या आजारामुळं रोजच्या जगण्यातलं काय बंद पडलं याचा हिशेब. तिसऱ्या पायरीला कोणती मदत, किती वेळा, किती माणसांकडून लागली असेल याची मांडणी. आणि सर्वांत शेवटी त्या समाजाबद्दल काही म्हणायचं. बहुतेक लेख पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारतात, आणि तिथंच घोळ होतो.

सर्वांत भक्कम उदाहरण व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या मान बाक या उत्खननस्थळावरचं, दफन क्रमांक ९. साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा तरुण. मानेचे मणके जन्मतः एकमेकांना जोडलेले. किशोरवयात कमरेखालचं अंग पूर्ण लुळं पडलं, हातही जेमतेम हलत असावेत. हातापायांची हाडं चिमून फारच बारीक झालेली. त्या अवस्थेत तो सुमारे दहा वर्षं जगला.

ते ‘दहा वर्षं’ म्हणजे काय ते मुलांना उलगडून दाखवा. संवेदना नसलेल्या माणसाला एका कुशीवर ठेवलं तर काही तासांत कातडी दबून मरू लागते. आजही अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असं शिकवतात. नाही बदलली तर माकडहाड, बैठकीचं हाड आणि खुब्याची बाहेरची उंचवटी इथं बेडसोअर होतात. ते खोल गेले की हाडाला सूज येते आणि तिची खूण सांगाड्यावर राहते. म्हणून अशा सांगाड्यात या तीन जागा मुद्दाम तपासतात. त्या स्वच्छ असतील तर वर्षानुवर्षं कुणीतरी कूस बदलत होतं असा अर्थ निघतो. शिवाय मलमूत्र, घास भरवणं, पाणी, ऊन-थंडी. रात्रीही. हे एका माणसाच्यानं निभत नाही, आळीपाळी लागतेच.

मांडी मोडलेल्याला तीन महिने सांभाळणं आणि हे, यांची पातळीच वेगळी आहे.

---

खडूफळा

मान बाक नक्की घेते. पण मुलांना ‘फार फार जुनं’ हवं असतं. शानिदारचा निअँडरथल (नामशेष झालेल्या मानवजातीतला माणूस), जॉर्जियातली बिनदातांची कवटी, स्पेनमधलं मूल, १८०८ क्रमांकाचा केनियातला सांगाडा अशी यादी जमवली आहे. यातलं काय ठेवू?

---

अस्थिवाचक

एकेक घेऊ.

केनियातला १८०८ काढून टाका. १९७३ मध्ये मिळालेल्या त्या सांगाड्याच्या हाडांवर जाड, अनियमित थर आहेत. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक असं १९८२ मध्ये निदान झालं आणि ‘आजारपणात कुणीतरी सांभाळलं’ ही गोष्ट त्यावर उभी राहिली. पण तशाच थरांची दुसरीही कारणं सुचवली गेली आहेत. निदानच डळमळीत असेल तर पुढच्या तीन पायऱ्यांना अर्थ नाही.

जॉर्जियातल्या द्मानिसीची कवटी सुमारे १७.७ लाख वर्षांपूर्वीची. एक सोडून सगळे दात जिवंतपणीच गेलेले. हे ओळखायचं कसं, तर दात मेल्यावर गळला की खाच उघडी आणि तीक्ष्ण कडांची राहते. जिवंतपणी गेला की खाच हाडानं भरते आणि जबड्याची कड खाली बसते. इथं ती पुरती बसलेली आहे, म्हणजे दात गेल्यावर ती व्यक्ती बराच काळ, बहुधा काही वर्षं जगली. मात्र दगडानं हाड फोडून मगज खाणं किंवा मांस ठेचून मऊ करणं तिला स्वतःलाही जमलं असतं. फलकावर ठेवा, पण प्रश्नचिन्हासह.

स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोसच्या मुलाची कवटी सुमारे ४,३०,००० वर्षं जुनी. कवटीची एक शिवण जन्माआधीच बंद झाली होती, डोकं वाकडं वाढलं, तरी मूल पाच वर्षांच्या पुढं जगलं. इथं रानवाट यांचा मुद्दा आडवा येतो: लहान मूल एकटी आईही सांभाळू शकते. पाच वर्षं हा काळ मोठा आहे एवढंच ठामपणे म्हणता येतं.

शानिदार १ ठेवाच. इराकमध्ये १९५७ मध्ये मिळालेला हा पुरुष. उजवा हात कोपराच्या वर संपलेला आणि उरलेलं हाड डाव्याच्या तुलनेत फारच बारीक, म्हणजे इजा खूप जुनी. डाव्या डोळ्याची खोबण चेपून जुळलेली. कानाच्या नळीत हाडं वाढलेली, त्यामुळं ऐकूही कमी येत असणार. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी असती तर निभावून नेता आली असती. सगळ्या एकाच अंगावर आल्यावर मोठ्या जनावरांच्या शिकारीत एकटं टिकणं कठीण. तरी तो ३५ ते ५० च्या दरम्यान मेला, निअँडरथल हिशेबानं म्हातारा.

तुमच्या यादीत नसलेलं एक घाला: बोर्निओतल्या लिआंग तेबो गुहेतला सांगाडा, ३१,००० वर्षं जुना, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला. डाव्या पायाची नडगी खालच्या भागात कापलेली. कड एकसारखी, चेंगरल्याची चिन्हं नाहीत, पू झाल्याच्या खुणा नाहीत, टोक हाडानं बंद झालेलं. कापलेल्या पायाची हाडं लहान मुलाच्या मापाची राहिली आणि दुसरा पाय मोठा झाला, त्यावरून कापल्यानंतर ती व्यक्ती ६ ते ९ वर्षं जगली असं काढलं आहे. इथं रक्त थांबवणं, जखम रोज स्वच्छ ठेवणं आणि डोंगराळ भागात एका पायाच्या मुलाला सोबत घेऊन फिरणं, तिन्ही आलं. माझ्या मते फलकाच्या मधोमध हेच हवं.

---

उलटतपासणी

दोन हरकती, मुलं काढतील म्हणून आधीच.

एक: १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन डेटवायलर यांनी विचारलं होतं की जगला म्हणजे प्रेमानं वागवला गेला हे कशावरून? अपंग माणसाला टोमणे खात, उरलंसुरलं खात जगता येतं. आणि अपंग म्हणजे निकामी हेही आपणच गृहीत धरतो. शानिदारचा माणूस राखण करत असेल, कातडी दातात धरून कमावत असेल, मुलं सांभाळत असेल. हाडावर मदतीची खूण उमटते, मायेची नाही.

दोन: ज्यांची काळजी घेतली गेली तरी जे चार दिवसांत गेले, त्यांच्या हाडांवर काहीच दिसत नाही. सांगाड्यांमध्ये जुळलेली हाडं कमी म्हणून माया कमी, असा हिशेब लावता येत नाही.

---

खडूफळा

मग मथळा ‘माणसाला वेगळं करणारी गोष्ट: काळजी’ असा ठेवता येणार नाही, बरोबर?

---

रानवाट

नाही. ‘मोठ्या माणसाची, अनेकांनी मिळून, वर्षानुवर्षं घेतलेली काळजी’ असं लिहा. लांबलचक आहे, पण यातले शब्द गाळत गेलात तर चिंपांझीची आई मथळ्यात बसते.

---

शुश्रूषा

आणि मान बाकच्या चित्राखाली दिवसाचं वेळापत्रक छापा: दर दोन तासांनी कूस, किती वेळा पाणी, किती वेळा घास, अंग पुसणं, रात्रीची पाळी कुणाची. ‘रात्रीची पाळी’समोरची जागा कोरी ठेवा आणि मुलांना भरू द्या.