५ सेंमी जाड अखंड फळीला पीळ आहे, जेवणाचं टेबल निघेल का?

लाकूडवेडा
अक्रोडाची अखंड फळी आहे, २ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, ५ सेंमी जाड. दोन्ही कडा नैसर्गिकच ठेवायच्या आहेत. सपाट फरशीवर तीन कोपरे टेकतात, चौथा १२ मिमी वर राहतो. एका टोकाला आरपार भेग आहे: तोंडाशी १० मिमी रुंद, निमुळती होत ४० सेंमीवर संपते. मॉइश्चर मीटर लाकडातला ओलावा १७ टक्के दाखवतोय. राऊटर स्लेडवर (फिरत्या पात्याचं यंत्र फळीवरून एका पातळीत सरकवायची चौकट) लगेच सपाट करायला घेऊ का? भेगेत नुसतं इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारी राळ) ओतून भागेल का? पाय लोखंडी लावणार आहे.

रंधा-पटाशी
आत्ता राऊटर लावू नका. १७ टक्क्यांवर सपाट केलेली फळी घरात ९-१० टक्क्यांवर येईस्तोवर पुन्हा वाकते, आणि तेव्हा तासायला जाडी उरलेली नसते. शिवाय पिनांचा मीटर वरवरचंच सांगतो. खालच्या बाजूने दोन स्टीलचे खिळे पिनांइतक्याच अंतरावर निम्म्या जाडीपर्यंत ठोका आणि मीटरच्या पिना त्यांच्या डोक्यांना टेकवा. टोकापासून ३० सेंमी आत मोजा, कारण टोकं आधी सुकतात. फळी पट्ट्यांवर ठेवा, खालून-वरून वारा लागू दे. टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, नाहीतर ती भेग पुढे सरकेल. आकडा सलग काही आठवडे हलला नाही की कामाला घ्या.

आता पीळ. सुकल्यावर तो वाढलेला असू शकतो, पण १२ मिमीच धरू. तीन कोपरे टेकवून तसाच स्लेड फिरवलात तर एका बाजूचे १२ आणि दुसऱ्या बाजूचे १२ असे २४ मिमी जातात, हातात २६ उरतात. त्याऐवजी डुलणाऱ्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांखाली ६-६ मिमीच्या पाचरी सारा. मग प्रत्येक बाजूचे ६ मिमीच निघतात आणि ३८ मिमीचं टेबल मिळतं. मधल्या पोकळ जागांनाही पाचरी द्या, फळी राऊटरखाली थरथरता कामा नये. क्लॅम्पने दाबून सपाट करायच्या भानगडीत पडू नका; क्लॅम्प सोडला की पीळ परत. एका वेळी २-३ मिमीच घ्या आणि फळी उलटवत दोन्ही बाजू आळीपाळीने तासा.

डिंकखळ
भेगेबद्दल. इपॉक्सी पोकळी भरतं, पण फळी पुढे फाटायला लागली की त्याच्या कडेनेच लाकूड सुटतं. म्हणून खालच्या बाजूने डमरूच्या आकाराच्या दोन खुंट्या बसवा: एक तोंडाजवळ, दुसरी भेग संपते तिथे. लांबी ८-१० सेंमी, जाडी फळीच्या निम्म्याला. खुंटीचे रेषे भेगेला आडवे हवेत; भेगेच्या दिशेने ठेवलेत तर कमरेत मोडते.

इपॉक्सी हिशोबाने साधारण ८० मिली लागेल, सांडलवंड धरून ११० मिसळा. आधी तारेच्या ब्रशने भुसभुशीत लाकूड काढा, खालून टेप लावा, भेगेच्या भिंतींना पातळ हात द्या. ही पायरी गाळली की लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते. नेहमीचं लेपाचं इपॉक्सी एका दमात ३८ मिमी ओतू नका, तापून तडकतं. खोल ओतायचं वेगळं मिळतं, ते घ्या.

लाकूडवेडा
दोघांचेही आभार. पाय थेट स्क्रूने पक्के केले तर काय बिघडेल?

रंधा-पटाशी
फळी फाटेल. ओलाव्यात ४ टक्क्यांचा फरक पडला की ९० सेंमी रुंदीत अक्रोड जवळपास १ सेंमी हलतं, आणि लोखंड जागचं हलत नाही. पायाच्या प्लेटला मधलं भोक गोल ठेवा. कडेची भोकं रुंदीच्या दिशेने २० मिमी लांबट. लाकडात इन्सर्ट नट (लाकडात बसवायचे, आतून आटे असलेले), ८ मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर. हातघट्टच करा, करकचून नाही. फळी ४४-४५ किलोची होईल, तेव्हा उलटवायला दोघं हवेत.

डिंकखळ
फिनिश खालच्या बाजूलाही तेवढेच हात. फक्त वरून दिलं तर दोन्ही बाजू ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात-सोडतात आणि सगळी मेहनत वाकते. हार्डवॅक्स ऑइल (मेण मिसळलेलं तेल) लावणार असाल तर पॉलिश पेपर ८०, १२०, १५० वर थांबवा. फार गुळगुळीत लाकडात तेल नीट मुरत नाही. आणि तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.