अभ्यासिकेतून मोबाइल चोरीला गेल्यास तक्रार कोठे करावी?

नेरुळची विद्यार्थिनी: आमच्या अभ्यासिकेत जागा धरण्यासाठी मुले टेबलावर बॅगा टाकून चहाला जातात. तिथूनच मैत्रिणीचा मोबाइल गेला; सुरक्षारक्षक मात्र ‘कुठेतरी पडला असेल’ म्हणून अर्जही घेत नाहीत. पुढे काय करावे?

वाशीकर: रक्षकाच्या अर्जावर अडून न राहता थेट पोलीस ठाणे गाठावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी माहिती नोंदवून घेणे बंधनकारक आहे; ती ऑनलाइन पाठवल्यास ३ दिवसांत सही करावी लागते. अर्जात ‘गहाळ’ नव्हे, ‘चोरीला गेला’ असेच स्पष्ट लिहावे.

घणसोलीकर: त्याआधी बँकेला कळवून यूपीआय बंद करावे. मग त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे, कारण दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर हँडसेट ब्लॉक करताना ओटीपी लागतो. तेथे तक्रारीची प्रत आणि आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) ही मागतात. तो मोबाइलच्या खोक्यावरील स्टिकरवर सापडेल. (खोके रद्दीत गेले असेल, तर बिल पाहावे.)

वाशीकर: आणि जागा धरायचीच असेल, तर वही ठेवावी, लॅपटॉप कशाला?

नेरुळची विद्यार्थिनी: आभारी आहे. खोके घरी सापडले. उद्या सकाळीच आम्ही पोलीस ठाण्यात जातो.