इंकस्केपमधून पीडीएफ काढली की अक्षरं फुटतात, बाकी चित्र मात्र धारदार

कुंचलाबहाद्दर:
नमस्कार मंडळी. फुलाच्या उभ्या छेदाची आकृती इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये काढली आहे. पाकळ्या, परागकोश, स्त्रीकेसर, अंडाशय, आणि प्रत्येकाला बारीक रेघ ओढून नाव दिलंय. फोटो एकही नाही, सगळं व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकार. इंकस्केप नसलेल्यांनाही बघता यावं म्हणून पीडीएफ केली. पाकळ्यांच्या कडा कितीही झूम करा, स्वच्छ दिसतात. नावं आणि रेघा मात्र जरा मोठ्या केल्या की पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात. शिवाय उजवीकडचं ‘अंडाशय’ अर्धं कापलं जातं. नावांना थोडा उठाव यावा म्हणून नावं आणि रेघा एका ग्रुपमध्ये घेऊन ड्रॉप शॅडो (मागे धूसर सावली) दिली आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत रिझोल्युशन ९६ (इंचाला ९६ ठिपके) होतं, ते ३०० केल्यावर बरं दिसतं, पण फाईल फुगते. पीडीएफ व्हेक्टर असते ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फटाफट:
६०० करा, विषय संपला. छापायला तेवढं पुरतं.

खिळेजुळारी:
६००नं विषय संपत नाही, पुढे ढकलला जातो. आणि ‘पीडीएफ व्हेक्टर असते’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे खोडावं असं मला नेहमी वाटतं. पीडीएफमध्ये रेषा, अक्षरं आणि पिक्सेलची चित्रं एकाच पानावर सुखाने नांदतात. तुमच्या पानावर नेमकं तेच झालंय.

दोष सावलीचा आहे. धूसरपणा हा एसव्हीजीतला (इंकस्केपच्या मूळ फाईलीतला) फिल्टर, म्हणजे वस्तूवर चढवलेला परिणाम. पीडीएफकडे रेषा आहेत, ग्रेडियंट आहेत, १.४ आवृत्तीपासून पारदर्शकताही आहे, पण ‘हे धूसर कर’ अशी आज्ञाच नाही. मग इंकस्केप त्या वस्तूचं पिक्सेलचं चित्र बनवून पानावर चिकटवतं. तो ९६चा आकडा या चित्रापुरताच असतो, पाकळ्यांना त्याचं सोयरसुतक नाही. आता गंमत अशी की तुम्ही फिल्टर दिलाय अख्ख्या ग्रुपला. त्यामुळे सावलीबरोबर नावं आणि रेघाही त्या चित्रात गेल्या.

खात्री करायची तर ग्रुप निवडा आणि खालच्या स्टेटस बारवर नजर टाका, तिथे ‘फिल्टर्ड’ लिहिलेलं दिसेल. किंवा व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोड ‘नो फिल्टर्स’ करा. पडद्यावर जे बदलेल ते पीडीएफमध्ये पिक्सेल होणार. फिल अँड स्ट्रोकमधला ब्लरचा (धूसर करायचा) स्लायडर हाही फिल्टरच बरं का. तो चुकून अर्ध्या टक्क्यावर सरकलेला असला तरी डोळ्याला दिसत नाही आणि एक्स्पोर्टमध्ये नडतो.

उपाय: फिल्टर्स मेनूतून ग्रुपचा फिल्टर काढून टाका. कंट्रोल-डी दाबून ग्रुपची प्रत करा, प्रतीला राखाडी रंग द्या, किंचित सरकवा, पेज डाउननं मूळ ग्रुपच्या मागे न्या आणि फक्त तिलाच ब्लर द्या. आता पिक्सेल होईल ती नुसती सावली. सावली मुळातच धूसर, तिला ९६ काय नि ३०० काय.

कापलेल्या ‘अंडाशय’चं कारण साधं आहे, ते पानाच्या बाहेर गेलंय. काहीही निवडलेलं नसताना कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, पान चित्राएवढं होईल.

(माझं खाजगी मत: आकृतीतल्या नावांना सावली नकोच. नाव वाचायचं असतं, त्याला उठाव कशाला?)

कुंचलाबहाद्दर:
जमलं! सावली मागे नेल्यावर नावं एकदम स्वच्छ, फाईलही आटोक्यात आली. सावलीबद्दलच्या मताचा विचार करतो :) आता दुसरी शंका. एक्स्पोर्ट करताना ‘एम्बेड फॉन्ट्स’ आणि ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स’ असे दोन पर्याय येतात. देवनागरीला कुठला घ्यावा? समोरच्याकडे माझा फॉन्ट नाही.

फटाफट:
पाथ्स. डोळे झाकून.

खिळेजुळारी:
छापायला देणार असाल तर फटाफट यांच्याशी सहमत. पाथ झालं की अक्षर म्हणजे नुसता आकार, ‘स्त्री’चं जोडाक्षर कुठल्याही यंत्रावर मोडणार नाही. पण मग तो मजकूर राहत नाही. शोधता येत नाही, कॉपी होत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही.

एम्बेड केलात तर लागणारी अक्षरचिन्हं फाईलच्या आतच जातात, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी दिसायला अडचण नाही. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सच्या टॅबवर ‘एम्बेडेड सबसेट’ दिसतंय का बघा. मात्र देवनागरीत एक मेख आहे. पीडीएफ चिन्हं दिसतात त्या क्रमानं मांडते. ‘निदलपुंज’ लिहिताना न आधी आणि वेलांटी मागून टाइप होते, कागदावर मात्र वेलांटी न च्या आधी येते. त्यामुळे कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की कधीकधी भलतंच उमटतं आणि शोधही फसतो. म्हणून पाठवण्याआधी एक वेलांटीवालं आणि एक जोडाक्षरवालं नाव कॉपी करून बघा. नीट आलं तर एम्बेड.

आणि मूळ एसव्हीजीत मजकुराचे पाथ करू नका. एक्स्पोर्टमधला पर्याय फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीवर काम करतो, मूळ फाईलमध्ये नाव बदलायची सोय शाबूत राहते.

रंगारी:
छपाईचा विषय निघालाय म्हणून: इंकस्केपची ही पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) निघते. चाररंगी छपाईत काळी अक्षरं चारही शायांच्या मिश्रणातून येऊ शकतात, आणि शाया केसभर सरकल्या तरी बारीक नावांना रंगीत कडा दिसतात. मी आकृती स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये आणून नावं तिथेच शुद्ध काळ्यात टाकतो आणि पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) काढतो.

कुंचलाबहाद्दर:
सध्या पडद्यावरच बघायचंय, एम्बेड केलं. ‘निदलपुंज’ बरोबर कॉपी होतंय. शेवटचं एक: दोन पाकळ्या जिथे चिकटतात तिथे केसासारखी पांढरी फट दिसते. झूम केलं तरी तेवढीच राहते.

खिळेजुळारी:
ती चित्रात नाही, दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या कडा मऊ करण्यात आहे. दोन्ही कडा त्याच पिक्सेलवर अर्ध्या अर्ध्या भरल्या जातात आणि मधून मागचा पांढरा डोकावतो. खालची पाकळी वरचीच्या पोटात थोडी सरकवा, फट जाईल.