पुन्हा: जजला तिसरी एमव्हीपी, अभिनंदन! (पण झेल कोण घेणार?)

प्रेषक: नाना, एडिसन
१५ नोव्हेंबर २०२५

मंडळी, नमस्कार.

आपल्या न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या ॲरन जजला तिसऱ्यांदा एमव्हीपी (लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब) मिळाल्यापासून आपल्या मेल-लिस्टवर पेढे वाटणं चाललंय. वाटा, माझी ना नाही. ५३ होमर (क्रिकेटच्या सिक्सरसारखे), .३३१ची सरासरी, आणि प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) २६ वेळा बॅट हाती घेऊन १३ हिट (बेस गाठून देणारे फटके). या माणसाच्या बॅटीबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण त्यामागोमाग तिघाचौघांनी लिहिलंय की "आता एक तगडा पिचर (गोलंदाज) घेतला की अठ्ठाविसावी ट्रॉफी आपलीच". तिथे मात्र मला राहवत नाही. २००९ नंतर वर्ल्ड सीरिजची (अंतिम मालिकेची) ट्रॉफी आलेली नाही, आणि गेल्या दोन वर्षांत ती पिचरपेक्षा ग्लव्हनेच, म्हणजे फिल्डिंगनेच, जास्त घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

३० ऑक्टोबर २०२४ आठवा. वर्ल्ड सीरिजचा पाचवा सामना, आपलंच मैदान, ५-० पुढे, आणि आपला पिचर गेरिट कोल याने चार इनिंगमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सना एकही हिट दिलेला नाही. पाचवीत त्यांच्या किके हर्नांडेझने सिंगल (रनच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. पुढचा टॉमी एडमन. त्याने उडवलेला सोपा बॉल जजच्या ग्लव्हमध्ये येऊन निसटला. मग विल स्मिथचा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) आपला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) अँथनी वोल्पेकडे. त्याने तिसऱ्या बेसकडे टाकलेला थ्रो मातीत. बेसेस भरलेले, आउट शून्य. तरी कोलने लक्स आणि ओहतानी दोघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केलं! मुकी बेट्सचा मंद ग्राउंडर पहिल्या बेसवर रिझ्झोकडे गेला, आणि पहिला बेस झाकायला पिचर गेलाच नाही. उभ्या जागेवरून बोट दाखवत राहिला. एक रन आत. मग फ्रीमनचा सिंगल, टेऑस्कर हर्नांडेझचा डबल (दोन बेसचा फटका), ५-५. सामना ७-६ने गेला, सीरिजही गेली.

आता गंमत बघा. स्कोअरबुकात त्या इनिंगला एरर (फिल्डिंगच्या नोंदवलेल्या चुका) दोनच आहेत. कोल बेस झाकायला गेला नाही, याला एरर म्हणत नाहीत. बेट्सच्या नावावर इनफिल्ड हिट लागला. म्हणून "एरर किती झाले" या आकड्यावरून संघाचं क्षेत्ररक्षण जोखणाऱ्यांशी माझं पटत नाही. जो आउट व्हायला हवा होता आणि झाला नाही, तो मोजा. नऊ इनिंगला २७ आउट असतात. त्या एका इनिंगमध्ये आपण समोरच्याला तीन जादा दिले, म्हणजे पूर्ण एक इनिंग फुकट. आणि देऊन थांबलो नाही. आठव्या इनिंगला ओहतानीची बॅट आपला कॅचर (बॅटरमागचा फिल्डर) वेल्सच्या ग्लव्हला लागली, म्हणून नियमाने तो चालत पहिल्या बेसवर. त्याच इनिंगला बेट्सच्या सॅक्रिफाइस फ्लायने (झेल जातो, पण बेसवरचा धावून रन काढतो) सामना फिरला.

त्याच सीरिजच्या पहिल्या सामन्यात तरी काय वेगळं? दहाव्या इनिंगमधला फ्रीमनचा ग्रँड स्लॅम (बेसेस भरलेले असताना होमर) सगळ्यांना पाठ आहे. पण दहावी इनिंग मुळात आली ती आठव्या इनिंगमुळे. ओहतानीच्या डबलनंतर आउटफिल्डमधून आलेला थ्रो ग्लेबर टोरेसला आवरला नाही, ओहतानी तिसऱ्यावर पोचला आणि सॅक्रिफाइस फ्लायवर आत आला, बरोबरी झाली.

माझ्या पिढीने एकनाथ सोलकर पाहिलाय. २७ कसोटी, ५३ झेल, हेल्मेट नाही, फलंदाजाच्या नाकासमोर उभा. बेदी-प्रसन्ना-वेंकट-चंद्रा यांच्या निम्म्या विकेट्स तरी शॉर्ट लेगच्या धाकाने पडल्या, असं आम्ही मानतो. चांगला फिल्डर गोलंदाजाला मोठा करतो. यांकीजमध्ये नेमकं उलटं चाललंय, पिचरने आधी बॅटर काढायचा आणि मग आपल्याच फिल्डरची चूक निस्तरायची.

बरं, बॅटिंगची फळी. या वर्षी २७४ होमर, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. ग्रिशम ३४, चिझम ३१, बेलिंजर २९, स्टँटन निम्माच सीझन खेळून २४. पण ग्रिशम, बेलिंजर, चिझम, राइस, वेल्स, मॅकमॅहन सगळे डावखुरे. आपल्या मैदानाची उजवीकडची, जेमतेम ३१४ फुटांवरची भिंत डोळ्यांसमोर ठेवून जमवलेली फळी आहे ही. ऑक्टोबरमध्ये समोरचा मॅनेजर सातव्या इनिंगला डावखुऱ्या बॅटरना जड जाणारा डावखुरा रिलीव्हर (बदली पिचर) आणतो आणि आपली अर्धी फळी तिथेच अडते. होमर आला तर आला. नाहीतर बेसेसवर हालचालच नाही.

कळावे, लोभ असावा.
नाना

—

प्रेषक: बंडू, होबोकेन

नाना, २०२४ मान्य. पण यंदाचं बोला ना! प्लेऑफमध्ये टोरोंटोत पहिले दोन सामने १०-१ आणि १३-७ने गेले. तेवीस रन दिले आपण. त्यांच्या गुरेरोने आपल्या पिचर वॉरनला ग्रँड स्लॅम मारला, तो अडवायला फिल्डरने काय प्रेक्षकांत बसायचं होतं? कोल वर्षभर कोपराच्या ऑपरेशनमुळे बाहेर. तो असता तर ही चर्चाच झाली नसती. पिचरच हवा.

—

प्रेषक: मावशी, मिसिसागा

मी तुमच्या मंडळाची नाही, भाचीने लिस्टवर घातलंय, तेव्हा तोंड घालते. बंडू बाळा, आमचा टोरोंटोचा संघ यंदा सगळ्यांत कमी स्ट्राइकआउट झालेला संघ होता. आमची पोरं बॅटीला बॉल लावतात, पुढचं काम तुमच्या फिल्डर्सचं. तुमचे ९४ विजय, आमचेही ९४. आपसांतल्या १३ सामन्यांपैकी ८ आम्ही घेतले म्हणून डिव्हिजन (गट) आमची, आणि तुम्हाला आधी बोस्टनशी वाइल्ड कार्ड (प्लेऑफची जादा पहिली फेरी) खेळावं लागलं. जुलैच्या तोंडाशी इथे येऊन चारही सामने हरून गेलात, त्यातला एक जरी जिंकला असतात तर?

(आम्ही हरलेल्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्याबद्दल मला कोणी काही विचारू नये. जखम ओली आहे.)

—

प्रेषक: ताई, क्वीन्स

मी मेट्सवाली, न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाची. तुमच्याकडून सोतो ७६५ मिलियन डॉलरला आणला, त्याने ४३ होमर मारले, आणि शेवटच्या दिवशी हरून आम्ही प्लेऑफलाही पोचलो नाही. नुसती बॅट विकत घेऊन काय होतं ते आमच्याकडे बघा. बाकी भांडणं चालू द्या.

—

प्रेषक: नाना, एडिसन

बंडू, मावशींनी माझं अर्धं काम केलं. स्ट्राइकआउट होणाऱ्या संघाविरुद्ध फिल्डिंग झाकली जाते. बॅटीला बॉल लावणाऱ्या संघाविरुद्ध उघडी पडते. पहिले दोन सामने पिचरांनी घालवले, हे कबूल. पण सीरिज संपली ती चौथ्या सामन्यात. पिचर होता कॅम श्लिटलर, ज्याने आठवडाभर आधी बोस्टनला आठ इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआउट करून घरी पाठवलं होतं. तुला हवा तसा तगडा पिचरच की! सातव्या इनिंगपर्यंत २-१ मागे, म्हणजे सामना हातात. हिमेनेझचा डबल प्लेच्या (एका फटक्यावर दोन आउट) लायकीचा ग्राउंडर चिझमच्या ग्लव्हला लागून मागे गेला. लगेच लुक्सच्या सिंगलवर दोन रन. ४-१. त्या दिवशी कोल असता तरी ग्राउंडर चिझमकडेच गेला असता.

वोल्पेवर मात्र लिस्टवर चाललेली चिखलफेक मला आवडत नाही. २०२३ला गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डरचा किताब) मिळवलेला पोरगा आहे. यंदा १९ एरर, खरंय. पण मे महिन्यात डाइव्ह मारताना डाव्या खांद्याचं लॅब्रम (सांध्यातली कूर्चा) फाटलं आणि तो तसाच खेळत राहिला. गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. दोष त्याचा कमी, त्याला रोज उतरवणाऱ्यांचा जास्त. जुलैअखेर टॅम्पाहून काबयेरो आणला होता, अमेरिकन लीगमध्ये यंदा सर्वांत जास्त बेस चोरणारा. त्याला शॉर्टला लावून वोल्पेला विश्रांती देता आली असती.

तेव्हा माझी यादी उलट्या क्रमाने आहे. सर्वांत आधी बेलिंजरला जाऊ देऊ नका. आता, नोव्हेंबर २०२५ला, तो बाजारात उभा आहे, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, आणि लेफ्ट, सेंटर, राइट, पहिला बेस, कुठेही नीट उभा राहणारा आपल्याकडे दुसरा नाही. डॉमिंगेझ लेफ्टला अजून बॉलच्या वळणाचा अंदाज घेत फिरतो. मॅकमॅहन तिसऱ्या बेसवर ठेवा, बॅट चालो न चालो. त्यानंतर उजव्या हाताचा एक बॅटर, होमर नको, बॉल जागेवर मारणारा हवा. पिचर चौथा. कोल पुढच्या, २०२६च्या हंगामात परत येतोच आहे, फक्त स्प्रिंग ट्रेनिंगला (हंगामापूर्वीच्या सरावात) त्याच्याकडून पहिला बेस झाकायची रोज वीस मिनिटं तालीम करून घ्या.

एप्रिलमध्ये शॉर्टस्टॉपला काबयेरो दिसला तर कुणी कुरकुरू नका, एवढं सांगून ठेवतो.