मदत हवी आहे: माहेश्वरी दुपट्टे, बाग प्रिंट, पितळी समया – परदेशी पार्सलच्या कस्टम्ससाठी प्रॉडक्ट शीट कशी भरावी?

रेवाकाठ (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरहून अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटनला थेट ग्राहकाकडे माल पाठवायचा आहे. साधारण १४० एसकेयू (वेगवेगळ्या वस्तू) आहेत: माहेश्वरी दुपट्टे (रेशमी ताणा, सुती बाणा), बाग प्रिंटच्या (लाकडी ठशांनी छापलेल्या) चादरी, कुशनचे अभ्रे, पितळी समया आणि लहान मूर्ती. आयईसी (आयात-निर्यात कोड), एडी कोड (बँकेचा), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यातीचं हमीपत्र) झालेलं आहे, पार्सलं कुरियरने सीएसबी-५ (कुरियरचं निर्यात बिल) वर जातात. अडतंय ते प्रॉडक्ट शीटवर.

सध्या शीटमध्ये एचएस कोड (जगभरच्या कस्टम्स यादीतला वस्तूचा क्रमांक) विणकरांच्या जीएसटी बिलांवरून उचललेत. दुपट्ट्याला कुणी ५००७ लावलाय, कुणी ५२०८. पितळेच्या सगळ्या वस्तूंना ७४१९९९३० आहे. वर्णन सरसकट ‘हँडीक्राफ्ट आयटम’. जर्मनीचं पार्सल ‘वर्णन अपुरं’ म्हणून परत आलं आणि अमेरिकेसाठी उत्पादकाचा कसलासा कोड मागताहेत. कोणते रकाने असावेत आणि ते कशाच्या आधारे भरावेत?

चहा_आणि_चलान

सोपं आहे, ‘गिफ्ट’ लिहा आणि किंमत कमी दाखवा. एवढ्या भानगडी कशाला.

लष्कर_ग्वाल्हेर

वरचा सल्ला कृपया कोणी घेऊ नये. विकलेला माल गिफ्ट म्हणून दाखवणं ही सरळ चुकीची घोषणा आहे. शिवाय गिफ्ट सीएसबी-४ वर जातं, म्हणजे जीएसटीसाठी निर्यातीचा पुरावाही हातचा जातो. आणि युरोपात ‘गिफ्ट’, ‘सॅम्पल’, ‘ॲक्सेसरीज’, ‘पार्ट्स’ असले शब्द वर्णन म्हणून चालतच नाहीत. आयसीएस-२ (मालाची माहिती आगाऊ मागणारी युरोपची) व्यवस्था १ मार्च २०२३ पासून हवाई मालाला पूर्ण लागू आहे. माल विमानात चढण्याआधी वर्णन आणि निदान सहा आकडी एचएस कोड तिकडे पोचलेला लागतो. ‘हँडीक्राफ्ट’ म्हणजे वस्तू काय, कशाची, कशासाठी, यातलं काहीच कळत नाही.

ताई, कोड बिलावरून उचलू नका. विणकर कापडाचा विचार करून कोड लावतो, कस्टम्स वस्तूचा करतं. दुपट्टा ‘कापड’ की ‘तयार वस्तू’ हे एचएस यादीतल्या विभाग ११ (कापड) च्या टिपांवर ठरतं. कडा दुमडून शिवलेली असेल किंवा पदराला गाठी मारलेली झालर असेल, तर ती तयार वस्तू. तुमच्या दुपट्ट्यांना गोंडे असतातच, म्हणजे ५००७ आणि ५२०८ दोन्ही बाद. विणलेल्या कापडाचा दुपट्टा, शाल, स्कार्फ ६२१४ मध्ये. चौकोनी रुमाल असेल आणि एकही बाजू ६० सेंमीपेक्षा मोठी नसेल तर मात्र ६२१३. उद्या साड्या सुरू केल्यात तर सावध राहा. आपल्याकडे साडी कापडाच्या प्रकरणांत बसते, तिकडे तशीच बसेल असं गृहीत धरू नका.

आता खरा पेच ६२१४ च्या पोटात आहे. रेशीम असेल तर ६२१४.१०, सुती असेल तर ६२१४.९०. मिश्र कापडात वजनाने जो धागा जास्त, त्याचा कोड. भावाने जास्त किंवा दिसायला जास्त, हा हिशेब इथे नाही. अगदी समसमान निघालं तर क्रमाने शेवटी येणारा कोड, म्हणजे ६२१४.९०. अमेरिकेत ६२१४.१० मध्येही पुन्हा फाटा आहे: रेशीम ७० टक्के किंवा जास्त असेल तर एक ओळ, कमी असेल तर दुसरी. त्यामुळे ‘कॉटन सिल्क’ एवढं लिहून भागत नाही, टक्के लागतात.

रेवाकाठ (इंदूर)

टक्के विणकरही नक्की सांगत नाहीत. प्रत्येक डिझाइन लॅबमध्ये द्यायचं का?

लष्कर_ग्वाल्हेर

सगळी नकोत. माहेश्वरीचं एक बरं आहे: रेशीम उभं, सूत आडवं, धागे आपोआप वेगळे निघतात. अंगातला २० × २० सेंमीचा तुकडा कापा, उभे आणि आडवे धागे उसवून वेगळे करा, दोन्ही ढीग वेगवेगळे तोला. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. किराण्याचा उपयोगाचा नाही. इंदुरात आहात, सराफ्यात कोणीही तोलून देईल. किनारीचा तुकडा वेगळा घ्या, कारण तिथे जरीचा धागा येतो आणि प्रमाण बदलतं. जरीचा धागा हा धातूचा धागा म्हणून स्वतंत्र घटक धरतात, आतला सूत आणि वरचा पत्रा मिळून एकच वजन. मग अंग आणि किनार यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात एकूण टक्के काढा.

प्रत्येक रंगासाठी हे करायची गरज नाही. सूत तेच, विणकर तोच, पोत तोच असेल तर एक मोजणी पुरते. निकाल ४५ ते ५५ च्या पट्ट्यात आला, किंवा रेशीम ७० च्या आसपास निघालं, तरच लॅब. तिथे हायपोक्लोराइटमध्ये रेशीम विरघळवून उरलेलं सूत तोलतात. तो अहवाल एसकेयूच्या फाइलला जोडून ठेवा.

बाकीचं भराभर: बाग प्रिंटची सुती चादर ६३०२.२१. ठशांची छपाईही छपाईच, ‘साधी’ म्हणून ६३०२.३१ लावू नका. कुशनचा नुसता सुती अभ्रा ६३०४.९२, आत कापूस भरून विकलात तर ९४०४.

पितळेची तीन भागांत फाळणी करा. समई ही वीज नसलेला दिवा आहे, ९४०५.५०. मूर्ती ८३०६.२९, तिला चांदी-सोन्याचा मुलामा असेल तर ८३०६.२१. दोन्हींत न बसणारं आणि स्वयंपाकघरातलं नसलेलं काही असेल तरच ७४१९. तुमचा ७४१९.९९ तर जुन्या आवृत्तीतला आहे. एचएस २०२२ मध्ये त्याची जागा ७४१९.८० ने घेतली. कोडशेजारी आवृत्तीचा रकाना ठेवा, १ जानेवारी २०२८ पासून पुढची आवृत्ती येते आहे.

मांडवी_बडोदा

कोडाचं झालं, शीटकडे येतो. पहिल्यांदा एक गोष्ट: सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. भारताचा आठ आकडी कोड शिपिंग बिलासाठी. अमेरिकेचा दहा आकडी वेगळा, युरोपचा दहा आकडी वेगळा. आपल्या आठ आकड्यांना दोन शून्यं चिकटवून अमेरिकेचा कोड तयार होत नाही, आणि हे करणारे भरपूर आहेत. म्हणून कोडाचे चार रकाने: मूळ सहा, भारत आठ, अमेरिका दहा, युरोप दहा. ब्रिटन युरोपपासून वेगळं झालंय, तिथे माल वाढला की पाचवा.

वर्णनाचा क्रम ठरवून घ्या: वस्तू, कोणासाठी किंवा कशासाठी, विणलेली की निटिंग, धाग्याचे टक्के, बनावट. म्हणजे ‘विमेन्स स्कार्फ (दुपट्टा), वोव्हन, ५८% कॉटन ४२% सिल्क, हँडलूम, नॉटेड फ्रिंज’. समईला ‘ऑइल लॅम्प, नॉन-इलेक्ट्रिक, ब्रास, हाउसहोल्ड’. दुकानात दाखवायचं नाव आणि कस्टम्सचं वर्णन हे दोन वेगळे रकाने ठेवा. ‘रेवा लहर गुलाबी’ ग्राहकाला भावतं, कस्टम्स अधिकाऱ्याला नाही. शॉपिफायवर (ऑनलाइन दुकानाची सेवा) असाल तर व्हेरिएंटच्या शिपिंग भागात मूळ देश आणि एचएस कोड भरायची जागा आहे, ती रिकामी सोडू नका.

मूळ देश म्हणजे वस्तू जिथे तयार झाली तो. माल कुठून निघाला याचा संबंध नाही. तुमचं सगळं भारतीय आहे म्हणून सोपं, पण बाहेरून आणलेलं काही विकत असाल तर त्या ओळीत भारत लिहू नका.

अमेरिका मागते तो कोड म्हणजे उत्पादकाची ओळख, एमआयडी. तो कुठे अर्ज करून मिळत नाही, आपणच बांधायचा: देशाची दोन अक्षरं, उत्पादकाच्या नावातल्या पहिल्या दोन शब्दांची तीन-तीन अक्षरं, पत्त्यातल्या सर्वांत मोठ्या संख्येचे जास्तीत जास्त चार आकडे, शेवटी गावाची तीन अक्षरं. एकूण लांबी जास्तीत जास्त १५. कापडाच्या मालाला इथे इंदूरच्या विक्रेत्याचं नाव चालत नाही, प्रत्यक्ष विणणाऱ्याचं लागतं. दुपट्टा महेश्वरला विणला असेल तर गावही महेश्वर. म्हणजे ‘उत्पादकाचं नाव’ आणि ‘पत्ता’ हे रकाने खरेदीच्या वेळीच भरले गेले पाहिजेत. विणकर बदलला की एमआयडी बदलतो, हे बहुतेक जण विसरतात.

किंमत: सवलत वजा जाता ग्राहकाने खरोखर दिलेली, ऑर्डरच्याच चलनात. फुकट दिलेल्या वस्तूलाही शून्य लिहू नका, तिची रास्त किंमत टाका. वाहतूक आणि विमा वेगळ्या ओळीत. अमेरिकेत शुल्क मालाच्या किमतीवर लागतं, वाहतूक धरत नाहीत. युरोप-ब्रिटनमध्ये तिथे पोचेपर्यंतचा खर्च धरतात. पण १५० युरोंची आयओएसएस (युरोपचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन भरायची सोय) मर्यादा मोजताना, वेगळी दाखवलेली वाहतूक बाहेर राहते. एकत्र लिहिलीत तर १४० युरोंचं पार्सल विनाकारण मर्यादेबाहेर जातं. ब्रिटनची मर्यादा १३५ पाउंड. आयओएसएस नंबर कुरियरच्या डेटात द्या, पार्सलवर छापू नका, त्याचा गैरवापर होतो.

अमेरिकेची ८०० डॉलरची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. त्यामुळे ५० डॉलरच्या दुपट्ट्यालाही दहा आकडी कोड आणि शुल्क. दर वारंवार बदलतात, म्हणून शीटमध्ये दर लिहून ठेवू नका, कोड लिहा आणि दर त्या दिवशीचा बघा. युरोपातही १५० युरोंखालच्या पार्सलवर १ जुलै २०२६ पासून प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो ठरले आहेत. तीन सारखे दुपट्टे एकाच ओळीत आले पाहिजेत, तीन ओळींत नकोत.

आणि एक्सेल! एचएस कोड, पिन आणि बारकोड हे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच भरा. न्यू जर्सीतल्या एडिसनचा पिन ०८८२० आहे, एक्सेल पुढचं शून्य खाऊन ८८२० करतं आणि पत्ता चुकीचा ठरतो. ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड ‘८.९ई+१२’ होतो, आणि तसंच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केल्यावर मूळ आकडे परत येत नाहीत. वजन एकाच एककात ठेवा: ०.३५ किलोच्या जागी ३५० गेलं की भाडंही तसंच लागतं. सीएसव्ही यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं जपणारा प्रकार) मध्ये, नाहीतर जर्मन पत्त्यांतल्या अक्षरांचे ठोकळे होतात. (इथे मी मराठी आकडे लिहितोय, शीटमध्ये इंग्रजीच हवेत.)

रेवाकाठ (इंदूर)

दोघांचेही मनापासून आभार. उसवून तोलायचं काम लगेच सुरू करते. सोबत इंदुरी शेव पाठवायचा विचार होता, तिचंही याच शीटमध्ये करू का?

मांडवी_बडोदा

नको. खाण्याचं प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेला एफडीएची (तिथल्या अन्न-औषध खात्याची) नोंदणी आणि प्रत्येक पार्सलआधी पूर्वसूचना लागते. एका शेवेच्या पाकिटापायी दुपट्टे अडकतील. स्वतंत्र पार्सल, स्वतंत्र शीट.

लष्कर_ग्वाल्हेर

जर्मनीसाठी एक राहिलं. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपच्या उत्पादन-सुरक्षा नियमानुसार युरोपातली जबाबदार व्यक्ती आणि तिचा पत्ता लागतो, विक्रीच्या पानावरही आणि मालावर किंवा पाकिटावरही. शीटमध्ये त्याचा रकाना ठेवा. पुढेमागे इंदूरची चामड्याची खेळणी विकायला घेतलीत तर शोभेची वस्तू की मुलांचं खेळणं, हे आधी ठरवा. खेळणं म्हटलं की चाचण्यांची वेगळी यादी सुरू होते.

रेवाकाठ (इंदूर)

शेवटचा प्रश्न. समईबरोबर फुलवातींचं पाकीट देतो. त्याची वेगळी ओळ करायची का?

लष्कर_ग्वाल्हेर

एकाच खोक्यात, एकाच किमतीला, संच म्हणून विकत असाल तर नाही. संचाचं मुख्य रूप समईचं, म्हणून सगळं ९४०५.५०. वर्णनात मात्र ‘विथ कॉटन विक्स’ लिहा, नाहीतर खोकं उघडल्यावर प्रश्न येतो. वाती सुट्या विकल्यात तर वेगळी ओळ: विणलेल्या किंवा वेणीसारख्या गुंफलेल्या वाती ५९०८, तुमच्या फुलवाती नुसत्या पिंजलेल्या कापसाच्या, त्या ५६०१ कडे जातात. तेलाची बाटली संचात घालू नका.