पहिले दिवस व्हॅलेन्सियातच काढा
स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला उतरल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी बार्सिलोना गाठायचं का असं विचारलंयत, तर माझं मत अजिबात नको, पहिले दिवस व्हॅलेन्सियालाच द्या. आम्ही दोघं उशिरा उठून तुरिया बागेत नुसते फिरतच राहायचो, १९५७च्या पुरानंतर तुरिया नदीच शहराबाहेर वळवली आणि कोरड्या पात्रात ही बाग केली, जुने दगडी पूल वर तसेच, फार सुंदर दिसतं! मर्कादो सेंट्रालला, म्हणजे तिथल्या मोठ्या मंडईत, मात्र सकाळीच जा, रविवारी बंद. पाएया, म्हणजे तिथला प्रसिद्ध भाताचा पदार्थ, दुपारच्या जेवणालाच खा, तिथल्या पारंपरिक पाएयात चिकन आणि ससा असतो, मासळी नाही. बायकोला ओर्चाता इतकं आवडलं की रोज संध्याकाळी तेच, चुफा नावाच्या कंदाचं गारेगार गोड दूध, त्यात बुडवायला फार्तोन, म्हणजे लांबट गोड मऊ पाव.